माणा गावाला जायचंय, पण कुठपर्यंत?



या अक्षय्य तृतीयेला आमच्या आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, वर्षीतपाचं पारणं झालं. तेरा महिने एक दिवस उपवास, एक दिवस बियासना. उसाचा रस घेऊन झाला, सगळ्यांनी पाया पडून साता विचारली आणि ह्यांनी विचारलं, "आई, आता तुम्हाला काय हवं ते सांगा." आम्हाला वाटलं शिखरजी म्हणतील, नाहीतर पालिताणा. त्या म्हणाल्या, "मला बर्फाचे डोंगर बघायचेत. अष्टापदापर्यंत जाणं या जन्मात होणार नाही. पण त्या वाटेवरच्या एखाद्या गावात बसून ऋषभदेव भगवंतांचं नाव घ्यायचंय."

कैलास-मानसरोवराची यात्रा त्यांच्या वयाला आणि गुडघ्यांना झेपणारी नाही. मग शोधता शोधता आम्ही बद्रीनाथच्या पुढच्या माणा गावावर येऊन थांबलो. बद्रीनाथपासून तीन किलोमीटर, उंची सुमारे ३,२०० मीटर. गावाच्या मागे माणा खिंड, खिंडीपलीकडे तिबेट. १९६२ पर्यंत इथले भोटिया लोक याच वाटेनं मीठ आणि लोकर यांचा व्यापार करायचे. गावाच्या वर सतोपंथ आणि भगीरथ खरक या हिमनद्या आहेत आणि त्यांच्यातून अलकनंदा निघते. आईंना हे वाचून दाखवलं तर त्या लगेच म्हणाल्या, "बस, हेच."

गाव ठरलं आणि घरात वाद सुरू झाला. मुलगी म्हणाली, एवढ्या लांब जातोय तर वसुधारा धबधबा करू, जमलं तर हिमनदीच्या जवळ जाऊ. हे म्हणाले, सरळ जैन टूरबरोबर जाऊ, महाराज सोबत असतो, तीन वेळचं जेवण शुद्ध मिळतं. मोठ्या जाऊबाई फोनवर म्हणाल्या, वर्षीतप केलेल्या बाईला एवढ्या उंचीवर नेता, डोकं ठिकाणावर आहे का? प्रत्येकाचं थोडंथोडं बरोबर होतं. पण कुणीच एक प्रश्न विचारत नव्हतं: जायचं ठीक, पण कुठपर्यंत?

हा प्रश्न आपल्या धर्मानं फार आधी विचारून ठेवलाय. श्रावकाच्या बारा व्रतांतलं सहावं व्रत दिशा परिमाण. आपण ते पाठ म्हणतो आणि पुढे जातो, कारण आजच्या काळात विमानानं फिरणाऱ्या माणसाला दिशांची मर्यादा कशाला, असं वाटतं. पण त्या व्रतात पूर्व-पश्चिमेबरोबर ऊर्ध्व आणि अधो या दिशाही आहेत. वर किती जायचं, हेही आधी ठरवायचं. आणि अतिचारांमध्ये 'क्षेत्रवृद्धि' आहे, म्हणजे एका दिशेची उरलेली मर्यादा दुसरीकडे जोडून घेणं. सहलीत आपण दुसरं काय करतो? "खरेदीला वेळ गेला नाही, तर तेवढ्यात वरचा पॉइंट करून येऊ." "एवढे पैसे घातलेत, आता पाच किलोमीटरसाठी कशाला परत फिरायचं?" पुढचा अतिचार म्हणजे ठरवलेली मर्यादा विसरणं. डोंगरात माणसं अडचणीत सापडतात ती बरेचदा याच दोन गोष्टींनी.

माझं मत असं की हिमालयात जाणाऱ्या प्रत्येक घरानं तिकिटाआधी हे पच्चक्खाण घ्यावं. आमचं ठरलं: माणा गाव, तिथला सरस्वतीवरचा भीमपूल, बस. वसुधारा नाही, सतोपंथ नाही. मुलगी दोन दिवस बोलली नाही. तिला मी एवढंच म्हटलं, तू तुझ्या मैत्रिणींबरोबर नीट तयारी करून, परवानगी काढून, वाटाड्या घेऊन पुढच्या वर्षी जा. ही यात्रा आजीची आहे.

आता तब्येतीचं. हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या बायकांच्या बाबतीत इथं खरा धोका आहे.

तीन हजार मीटरच्या वर हवेचा दाब कमी होतो आणि एका श्वासात मिळणारा प्राणवायू आपल्या घरच्यापेक्षा साधारण दोन-तृतीयांशच असतो. शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात. ती सवय नसेल तर डोकं दुखतं, मळमळतं, भूक जाते, झोप लागत नाही, गळून गेल्यासारखं वाटतं. आता सांगा, उपवासाच्या दुसऱ्या दिवशी आपल्याला काय होतं? हेच. म्हणून आपल्या बायका ही लक्षणं ओळखतच नाहीत. माझ्या एका नात्यातल्या बाई गेल्या वर्षी एका ग्रुपबरोबर बद्रीनाथला गेल्या. पाठोपाठच्या प्रवासानं थकलेल्या, त्यात आयंबिल. रात्री डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या. सगळ्याजणी म्हणाल्या, पित्त आहे, पारणं झालं की उतरेल. पहाटे दोन पावलं चालताना तोल जायला लागला तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं आणि त्यांना खाली नेलं. खाली आल्यावर त्या बऱ्या झाल्या. तोल जाणं, बसल्याजागी धाप लागणं ही लक्षणं दिसली की एकच पहिला उपाय, लगेच खाली उतरणं. औषधं आहेत, ती आधीच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावीत, पण औषध घेऊन वर बसून राहायचं नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा. उंचीवरची हवा कोरडी, श्वास जोरात, शरीरातलं पाणी कळत नकळत जातं. आणि आईंचा चौविहार आजीवन आहे. सूर्यास्तानंतर थेंबभर नाही. घरात दोन बाजू पडल्या. एक बाजू म्हणाली, चार दिवस तिविहार करा, रात्री पाणी घ्या, एवढ्यानं काय होतं. दुसरी बाजू म्हणाली, नियम म्हणजे नियम, मग जाऊच नका.

मला दोन्ही पटलं नाही. जिनं तीस वर्षं एक नियम पाळला, तिला सहलीसाठी तो सोडायला सांगणारी मी कोण? आणि नियम आहे म्हणून तिनं मनातली एक इच्छाही बाळगू नये, हेही कुठल्या शास्त्रात आहे? मी नियमाऐवजी बेत बदलला. रात्री माण्यात किंवा बद्रीनाथला राहायचंच नाही. मुक्काम जोशीमठला, ज्याला आता ज्योतिर्मठ म्हणतात. उंची सुमारे १,९०० मीटर, तिथून बद्रीनाथ ४५ किलोमीटर. पहिले दोन दिवस तिथंच विसावा. तिसऱ्या दिवशी सकाळी नवकारसी झाल्यावर निघायचं, माण्यात दोन-तीन तास, दुपारी दोनला गाडी खाली वळलीच पाहिजे. चौविहारासाठी आईंना सूर्यास्ताआधी मुक्कामी पोचायचंच असतं, म्हणजे उशीर करायला कुणाला वावच नाही. डॉक्टरांना हा बेत दाखवला तेव्हा ते म्हणाले, दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपणं हेच उत्तम. दिवसभर दर अर्ध्या तासानं कोमट पाणी घ्यायचं, हे माझ्याकडे लागलं.

आणि तरीही काही झालंच तर? महासतीजींना विचारलं. त्या म्हणाल्या, पच्चक्खाणात आगार ठेवलेत ते कशासाठी? समाधी टिकावी म्हणून औषध घ्यावं लागलं तर त्यानं पच्चक्खाण भंगत नाही. तुमच्या घरी असा प्रश्न असेल तर तुमच्या गुरूंना जाण्याआधी विचारा. रात्री बारा वाजता, आजारी माणसासमोर बसून या विषयावर चर्चा करायची वेळ येऊ देऊ नका.

आईंनीही महासतीजींना एक प्रश्न विचारला. उकळलेल्या पाण्याचा काळ उन्हाळ्यात पाच प्रहर, शियाळ्यात चार. तिथं बर्फाच्या गावात कुठला धरायचा? महासतीजी हसल्या आणि म्हणाल्या, शंका असेल तिथं कमीच धरा.

जैन टूरचं मी नाही म्हटलं, त्यावर काहीजणी नाराज होतील. शुद्ध जेवण मिळतं हे खरं आहे. पण चाळीस माणसं, त्यांचं स्वयंपाकघर, सिलेंडर, तीन वेळचं ताट, फरसाणाची पाकिटं, एकदा वापरून फेकायच्या वाट्या, हे सगळं त्या अरुंद रस्त्यानं वर जातं. जेवण शुद्ध होतं आणि कचरा तिथंच राहतो. आपल्या ताटात हिंसा नको म्हणून आपण एवढं जपतो आणि ताट धुतलेलं पाणी व पत्रावळी कुठं गेल्या, ते बघत नाही. अपरिग्रह फक्त तिजोरीपुरता नसतो. आमचा बेत चार माणसं, एक छोटा कुकर आणि डबे: खाखरे, भाजलेल्या मुगाचं पीठ, राजगिऱ्याचे लाडू, मुगाची डाळ. कुकर कशासाठी, तर त्या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आतबाहेरच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. आणि रिकामी पिशवी खाली परत आणायची.

जाऊन आलेल्या मैत्रिणी सांगतात, तिथं कांदा-लसूण नको म्हटलं तर कुणाला नवल वाटत नाही, बटाटा नको म्हटलं की वाटतं. साहजिक आहे, बटाटा हे त्यांचं पीक. थोड्या महिन्यांच्या शेतीवर आणि यात्रेकरूंवर त्यांचं वर्ष चालतं. नोव्हेंबरात मंदिराची दारं बंद होतात तोवर सगळं गाव खालच्या गावांत उतरतं. तेव्हा त्यांच्या बटाट्याला नाक मुरडून येऊ नका. आपल्याला चालतं ते घ्या. तिथल्या बायका स्वतः विणलेल्या लोकरीच्या टोप्या, मोजे, आसनं विकतात. लोकर आपल्याला वर्ज्य नाही, साध्वीजींचा रजोहरणही लोकरीचाच. सामायिकासाठी त्यांच्याकडून एक आसन घ्या आणि भाव करू नका.

आता बर्फाचं. बावीस अभक्ष्यांत हिमही आहे आणि गारही. लग्नात सरबतात बर्फ असेल तर आपण पेला बाजूला ठेवतो. आणि मनालीला गेलो की त्याच बर्फाचे गोळे करून एकमेकींना मारतो, त्यात लोळून फोटो काढतो. अपकायाचे जीव पेल्यात असतात आणि डोंगरावर नसतात का? खाण्याची गरज तरी म्हणता येईल, ही तर निव्वळ मौज, सरळ अनर्थदंड. मुलीनं विचारलं, मग जायचंच कशाला? मी म्हटलं, बघण्यानं कुणाला इजा होत नाही. लांबून बघायचं, हात जोडायचे, पाय ठेवायचा नाही.

लांबून बघण्याला आणखी एक कारण आहे. तो डोंगर स्वस्थ नाही. ७ फेब्रुवारी २०२१ ला त्याच चमोली जिल्ह्यात खडक आणि बर्फ कोसळून ऋषिगंगेला लोंढा आला आणि दोनशेहून अधिक माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठच्या घरांना तडे गेले, कुटुंबांना घरं सोडावी लागली. २८ फेब्रुवारी २०२५ ला माण्याजवळच रस्त्यावरच्या मजुरांच्या तळावर हिमकडा कोसळला. ५४ मजूर सापडले, त्यांतले आठ वाचले नाहीत. आपली गाडी ज्या रस्त्यानं वर जाणार, तो मोकळा ठेवणारी ही माणसं. जाताना त्यांच्यासाठी नवकार म्हणायचा, असं आईंनी ठरवलंय.

राहिला प्रश्न कधी जायचं. मे-जूनमध्ये गर्दी, आणि आईंच्या शरीराला तपातून सावरायला चार महिने हवेत. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात. कार्तिकी पौर्णिमेनंतर जावं तर मंदिर बंद आणि गाव रिकामं. उरतो तो संवत्सरीनंतरचा, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा काळ. पण तो चातुर्मास! यावर जाऊबाईंचा आक्षेप होता आणि तो रास्त होता. आईंनीच तोड काढली. चातुर्मास बसताना दिशेची मर्यादा घेतली जाते, त्यात ही एक यात्रा मोजून धरायची आणि बाकी चार महिने गावाची वेसही ओलांडायची नाही. जाऊबाई गप्प झाल्या. आता त्याही येणार आहेत, म्हणजे आम्ही पाच.

यात्रेची नोंदणी करायची आहे, आईंची रक्तदाबाची आणि हृदयाची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. तपासणीत काही निघालं तर जोशीमठलाच थांबायचं आणि तिथूनच बर्फाचे डोंगर बघायचे, हेही ठरलंय. आईंना विचारलं, वाईट वाटेल का? त्या म्हणाल्या, "अगं, भगवंतांचं नाव काय फक्त तीन हजार मीटरवरच घेता येतं?" असं म्हणाल्या खऱ्या, पण रोज सकाळी व्याख्यानाहून येताना मुद्दाम लांबच्या रस्त्यानं चालत येतात, ते मी बघते.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.