विश्लेषण : आधी धाव की आधी गेम? भरतीच्या तयारीत क्रम का महत्त्वाचा?

रामटेकला पहाटे गडमंदिराच्या पायऱ्या चढणाऱ्यांत दर्शनाला आलेले असतात, फिरायला आलेले असतात आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुलीही असतात. यातल्या अनेकांच्या मोबाइलमध्ये धावण्याचे अंतर मोजणारे ॲप असते आणि शेजारीच बीजीएमआय. घरच्यांची तक्रार ठरलेली : ‘पोट्टं रातभर मोबाइलवर खेळते, मंग सकाळी काय धावन?’ तक्रारीत तथ्य आहे. मात्र सगळा दोष गेमचा नाही. गेम कधी खेळला जातो, हा खरा प्रश्न आहे.

पणाला काय लागले आहे?

शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची. त्यात धावण्याला 20 गुण (मुलांना 1600 मीटर, मुलींना 800), 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. किमान निम्मे गुण हवेतच. शिवाय लेखी परीक्षेला एका जागेमागे दहा उमेदवारच बोलावले जातात. काही सेकंद हुकले की वर्षभराची मेहनत बाजूला पडते.

डोके थकले तर पाय कसे थकतात?

वेल्समधील बँगोर विद्यापीठात सॅम्युएल मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 16 जणांवर एक प्रयोग केला. एका दिवशी त्यांना 90 मिनिटे संगणकावर सतत लक्ष द्यावे लागणारे काम दिले, दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ माहितीपट दाखवले. दोन्ही वेळा नंतर दम संपेपर्यंत सायकल चालवायला लावली. माहितीपटानंतर ते सरासरी 754 सेकंद टिकले, डोके शिणल्यावर 640 सेकंद. गंमत म्हणजे हृदय, फुप्फुसे, स्नायू यांच्या कामात फरक नव्हता. तेवढ्याच श्रमाला ‘आता बास’ असे मात्र लवकर वाटू लागले. हा गेम नव्हता आणि पुढच्या काही प्रयोगांत परिणाम एवढा मोठा दिसला नाही, हेही सांगायला हवे. पण ब्राझीलमधील हौशी बॉक्सरवरच्या अभ्यासात सरावाआधी स्मार्टफोनवर गेम खेळल्याने निर्णयक्षमता घसरलेली आढळली.

असा शीण दमाच्या कामाला जास्त बाधतो. एका झटक्यात ताकद लावायची असेल तर फारसा नाही. म्हणजे गोळा कदाचित तेवढाच लांब जाईल, पण 1600 मीटरचा शेवटचा फेरा जड जाईल. सर्वाधिक गुण नेमके तिथेच आहेत! मैदानाबाहेर नंबर येण्याची वाट पाहताना ‘टाइमपास’ म्हणून मॅच लावणे म्हणूनच महागात पडू शकते.

क्रम उलटा केला तर?

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये ‘लीग ऑफ लीजंड्स’ खेळणाऱ्या 20 तरुणांना खेळण्याआधी 15 मिनिटांचा जोरकस व्यायाम दिला. विश्रांतीनंतर खेळण्याच्या तुलनेत त्यांनी जास्त लक्ष्ये टिपली आणि नेमही सुधारला. अभ्यास छोटा आहे, पण सकाळी धावून आलेल्या मुलाला संध्याकाळी गेम खेळू द्यावा की नाही, यावर वाद घालणाऱ्या घरांनी तो लक्षात ठेवावा.

मनावर काय परिणाम?

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2022 मध्ये सात गेमच्या सुमारे 39 हजार खेळाडूंची कंपन्यांकडील प्रत्यक्ष खेळवेळेची नोंद तपासली. जास्त वेळ खेळल्याने मनःस्वास्थ्य बिघडते वा सुधारते, असे फारसे दिसले नाही. आवडीने खेळणारे बरे होते. ‘खेळल्याशिवाय राहवत नाही’ म्हणणारे तितके बरे नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ 2022 पासून लागू आहे, पण तिथेही निकष तासांचा नाही. खेळण्यावरचा ताबा सुटला आहे का, बाकीचे आयुष्य मागे पडले आहे का आणि हे साधारण वर्षभर चालू आहे का, हे पाहिले जाते.

खेळायला लावून चालवणारे गेमही आहेत. 2016 मध्ये ‘पोकेमॉन गो’ आला, तेव्हा अमेरिकेतील खेळाडूंची पहिल्या आठवड्यात रोज सरासरी 955 पावले वाढली. सहाव्या आठवड्यापर्यंत ती पुन्हा पूर्वीइतकीच झाली. रामटेकला गडाच्या पायऱ्या त्यापेक्षा जास्त टिकाऊ.

मग नेमके नुकसान कुठे?

झोपेत. अभियांत्रिकीच्या वसतिगृहात ‘काउंटर-स्ट्राइक’साठी मी कित्येक रात्री जागवल्या आहेत, त्यामुळे ‘फक्त एक शेवटची’ म्हणजे काय ते ठाऊक आहे. चौघांच्या स्क्वॉडमध्ये मॅच मध्येच सोडली की मित्रांच्या शिव्या, म्हणून कुणी सोडत नाही. बीजीएमआयच्या मोठ्या नकाशावरची मॅच साधारण अर्ध्या तासाची. पहाटे साडेपाचचा अलार्म आणि साडेसात तासांची झोप धरली, तर शेवटची मॅच साडेनऊला सुरू व्हायला हवी. दहाला फोन चार्जिंगला, तोही दुसऱ्या खोलीत.