सीओडीच्या आकड्यात न सापडणारं विष

प्रति,
केंद्रीय पर्यावरणमंत्री, नवी दिल्ली आणि
अध्यक्ष, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

महोदय,

बोईसर-तारापूरच्या प्रदूषणावर तक्रारी खूप झाल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या मूल्यांकनात ९३.६९ गुणांसह तारापूर देशातल्या प्रदूषित औद्योगिक वसाहतींत पहिलं आलं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेच्या अर्जावर हरित लवादाने जानेवारी २०२२ मध्ये शंभरावर कारखान्यांना भरपाई ठोठावली. हे पत्र मात्र वेगळ्या कारणासाठी आहे. तुम्ही जे मोजतच नाही, त्याविषयी ते आहे.

सांडपाण्याचा नमुना घेतला की तुमची प्रयोगशाळा सामू, बीओडी, सीओडी पाहते. सामूहिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सीओडी लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत असला की कागदावर सगळं ठीक. पण पाण्यात रसायनांचा भार किती, एवढंच सीओडी सांगतो. ते रसायन कोणतं, हे सांगत नाही. तारापुरात औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत. प्रतिजैविकाचा अंश मोजावा लागतो मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात. तो २५०च्या आकड्यात सापडणार कसा? शिवाय प्रक्रिया केंद्रात सांडपाणी शुद्ध करतात ते जिवाणूच. त्याच टाक्यांत प्रतिजैविक थोडं थोडं मिसळत राहिलं, तर त्या औषधाला न जुमानणारे जिवाणू तिथेच वाढीस लागतात.

हे तुम्हाला नवीन नाही. मंत्रालयाने स्वतःच जानेवारी २०२०च्या मसुद्यात १२१ प्रतिजैविकांसाठी सांडपाण्यातली मर्यादा सुचवली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली, तेव्हा ती यादी गळाली होती. का गळाली, ते आम्हाला कुणीच सांगितलं नाही. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रतिजैविकांच्या कारखान्यांतल्या सांडपाण्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या.

कायमस्वरूपी रसायनं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ‘पीफास’चं तेच. ती विघटित होत नाहीत, साचत जातात. इटलीतल्या व्हिचेन्झाजवळ अशा रसायनांनी लाखो लोकांचं पाणी नासवणारा मितेनी कारखाना २०१८ मध्ये बंद पडला आणि २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याच्या अधिकाऱ्यांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. त्याची यंत्रसामग्री कोकणात, लोटे परशुरामला आली. तिकडे गुन्हा ठरलेल्या गोष्टीसाठी इकडे सांडपाण्याची मर्यादासुद्धा ठरलेली नाही, याची आम्हाला चीड येते.

हे विष ताटात कसं येतं, तेही बघा. आमच्याकडे ओहोटीला मुरबे-सातपाटीची खाडी उघडी पडली की बाया कोयती घेऊन कालवं काढायला चिखलात उतरतात. कालव जागचं हलत नाही, पाणी गाळून खातं. पाण्यात जे असेल ते त्याच्या मांसात उतरतं, तिथून घरच्या कालवणात. बाजारात गिऱ्हाईक मासळी हुंगून बघतं, रॉकेलचा वास आला की टोपली तशीच राहते. या नव्या रसायनांना तर वासही नाही.

म्हणून मागणी अशी. २०२०ची यादी अधिसूचनेत परत घाला आणि अंमल तारापूरपासून सुरू करा. कोणता कारखाना कोणतं द्रव्य बनवतो ते संमतीपत्रात आहेच, तपासणी त्या द्रव्याची व्हावी आणि कारखान्याच्या दारातच व्हावी. सगळ्यांचं पाणी एकत्र झालं की दोषी कोण ते कळत नाही. नवापूर, मुरबे, सातपाटी इथल्या गाळाची, कालवांची आणि पापलेटची तपासणी दरवर्षी करा. अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. २०२१ मध्ये यादी का वगळली, याचं लेखी उत्तरही आम्हाला हवं आहे.

आपला,
बोईसरचा एक रहिवासी