घरातील ओल : दोष कोणाचा?

दिवाळीच्या तोंडावर घर रंगवावे आणि श्रावणात त्याच रंगाचे पोपडे केरसुणीने गोळा करावे, हा आपल्या शहरांतील गृहस्थाश्रमाचा एक संस्कारच होऊन बसला आहे. कपाटामागची भिंत काळवंडते, पादत्राणांवर व पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी चढते, कापडवाल्याच्या ठाणांना कुबट वास लागतो, आणि घरधनी 'पावसाळाच तो, चालायचेच' असे म्हणून स्वस्थ बसतो. आमचे म्हणणे असे की, हे चालू देण्याचे काही कारण नाही. पाऊस ईश्वराधीन असेल. भिंत ईश्वराने बांधलेली नाही. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरीही तेथील नीट बांधलेल्या जुन्या घरांच्या भिंती शहरातील कालपरवाच्या इमारतींहून पुष्कळदा कोरड्या आढळतात. ओल ही आराखड्यातली चूक होय. ती रंगाने झाकता येते, दुरुस्त होत नाही.

त्या कोकणी घराकडेच पाहा. जोते उंच, ते जांभ्या दगडाचे. कौलारू छप्पर भिंतीच्या पुष्कळ पुढे आलेले, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात. पश्चिमेची झड येते म्हणून त्या बाजूस पडवी, आणि आषाढापूर्वी तिला बाहेरून झापांचा आडोसा. भिंत भिजूच द्यावयाची नाही, हे एवढे एक तत्त्व. आणि ते कोणत्याही विलायती पदवीवाचून येथल्या गवंड्यास ठाऊक होते. आजची सदनिका पाहावी तर दर्शनी भिंत सपाट उभी, खिडकीवर छज्जा नाही, असला तर वीतभर. आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी बोटभर खाचही नाही. ती खाच नसली की थेंब छज्ज्याच्या पोटाखालून सरकत थेट चौकटीत शिरतो. खाच ठेवण्यास खर्च किती? जवळजवळ नाहीच. परंतु चित्रात ती दिसत नाही, आणि घरे हल्ली चित्रावर विकली जातात.

जमिनीकडून येणाऱ्या ओलीची तऱ्हा निराळी. दिव्याची वात तेल ओढते तशी वीट पाणी वर ओढते. जोत्याच्या माथ्यावर डांबराचा अथवा जलरोधक काँक्रीटचा अखंड थर दिला की ही चढण तुटते. राष्ट्रीय इमारत संहितेने जोते भोवतालच्या जमिनीपासून निदान ४५ सेंटिमीटर उंच असावे असे सांगितले आहे. पण जोते घरमालकाने उंच बांधावे आणि रस्त्यावर वर्षानुवर्षे थरावर थर चढवून ते पालिकेने गाडावे, असा प्रकार आमच्या शहरांतून सर्रास चालतो. जुना थर खरवडून काढल्यावाचून नवा घालू नये, एवढी साधी गोष्ट ठेकेदाराकडून करून घेता येत नसेल, तर त्या पालिकेस घरपट्टी मागताना थोडा संकोच वाटावयास हवा.

कोणी म्हणेल, संपादक जुन्या वाड्यांचे पोवाडे गाऊ लागले. तसे नाही. त्याच वाड्यांतून आम्ही बाळंतिणीस घरातल्या सर्वांत अंधाऱ्या, झरोका नसलेल्या खोलीत कोंडले, वर शेगडी पेटवली, आणि नवजात अर्भकास कोंदट हवा पाजली. हा शहाणपणा नव्हता. आज दुसऱ्या टोकाची चूक होते: चुन्याने बांधलेल्या भिंतीवर डागडुजीच्या नावाखाली सिमेंटचा गिलावा चढवितात. चुन्याचा गिलावा शोषलेली ओल हवेत परत टाकतो. सिमेंट ती आत कोंडते, आणि मग लोणा फुटून विटा पिठासारख्या झडू लागतात.

परंतु सर्वांत लाजिरवाणी गोष्ट वेगळीच आहे. १८९६ च्या प्लेगानंतर १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. परक्या सरकारची ती संस्था. तिने गोरगरिबांची घरे निष्ठुरपणे पाडली, हेही खरे. तरी तिने साडेत्रेसष्ट अंशांचा एक नियम धरला होता. त्याचा सरळ अर्थ असा की, इमारत जितकी उंच त्याच्या निम्मी मोकळी जागा खिडकीसमोर असावी, म्हणजे तळमजल्यासही उजेड व वारा मिळेल. आता स्वराज्यात गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड पाहा. प्रकल्पांत विस्थापित झालेल्यांसाठी उभारलेल्या तेथील सातमजली इमारतींत अंतर सुमारे तीन मीटरांचे. जुन्या नियमाने ते दहा मीटर भरले असते. जेथे ऊन पोचत नाही, धुतलेले कपडे खोलीतच वाळतात आणि चुलीची वाफ बाहेर जात नाही, तेथे भिंत कोरडी राहणार कशी? दमट व बुरशी लागलेल्या घरांचा दम्याशी व श्वसनाच्या विकारांशी संबंध आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली स्पष्ट सांगितले आहे. परक्याने घातलेला चांगला नियम आपण मोडावा, यात कसला स्वाभिमान?

भाडेकरूच्या राहणीवर खापर फोडण्याची रीत आमच्याकडेच आहे असे नव्हे. इंग्लंडात रॉचडेल येथे बुरशीची तक्रार करणाऱ्या एका बापास 'वरून रंग मारा' असे सांगण्यात आले. त्याचे दोन वर्षांचे मूल २०२० साली दगावले. बुरशीच्या दीर्घ संसर्गाने श्वसनविकार होऊन ते गेले, असा निर्णय २०२२ साली चौकशीत झाला. त्यावर तेथील पार्लमेंटने २०२३ साली सामाजिक गृहसंस्थांस ठराविक मुदतीत अशी घरे तपासण्याची व दुरुस्त करण्याची सक्ती करणारा कायदा केला. आमच्याकडे तशी नेमकी सक्ती नाही. ती राज्याने करावी, आणि नकाशा मंजूर करताना छज्जा, जोते व समोरासमोरचे अंतर यांत सवलत देणे बंद करावे.

तोवर जो कायदा हाती आहे तो तरी वापरावा. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाच्या कलम १४ अन्वये ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या गुणवत्तेतील दोष कळविल्यास, तीस दिवसांत तो विनामूल्य दूर करणे विकासकावर बंधनकारक आहे; न केल्यास भरपाई मागता येते. भाडेकरूंसाठी १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम १४ आहे. घर दुरुस्त ठेवणे हे त्यात मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. आमचे वाचक व्यापारी आहेत; माल खराब निघाला तर ते दुसऱ्या दिवशी हुंडी अडवितात. मात्र आयुष्यभराची पुंजी घातलेले घर पहिल्याच पावसात गळू लागले तर रंगाऱ्यास बोलावतात! त्याऐवजी ओलीची छायाचित्रे तारखेनिशी काढावीत, तक्रार लेखी करावी, पोच घ्यावी, आणि हे सारे पहिल्या पावसाळ्यातच करावे; पाच वर्षांची मुदत ताब्याच्या दिवसापासून चालू झालेली असते.