जहाज दिले, पण सुट्या भागांचे काय?

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेले ‘वरुण’ हे गस्ती जहाज 1988 मध्ये तटरक्षक दलात आले आणि सप्टेंबर 2017 मध्ये कोचीत ते श्रीलंकेच्या तटरक्षक दलाच्या हवाली झाले. तिथे त्याचे नाव ‘सुरक्षा’. त्याआधी ‘वराह’ही श्रीलंकेला गेले, आधी भाडेपट्ट्याने आणि 2015 मध्ये कायमचे. आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतल्या वाशिममध्ये कुणी विचारेल, की आमचे रस्ते, दवाखाने अर्धवट असताना शेजाऱ्यांना जहाजे कशाला वाटायची? प्रश्न रास्त आहे. पण तीस वर्षे खारे पाणी खाल्लेले जहाज मोडीत काढले तर हाती भंगाराचाच भाव येतो. शिवाय समुद्र आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही. चीनमधून येणारे खत, इंडोनेशिया-मलेशियाचे पामतेल घेऊन पश्चिम किनाऱ्याकडे निघालेल्या मोठ्या जहाजांना पाल्कची उथळ सामुद्रधुनी ओलांडता येत नाही, ती श्रीलंकेला दक्षिणेकडून वळसा घालतात. सप्टेंबर 2020 मध्ये पारादीपला निघालेल्या ‘न्यू डायमंड’ या टँकरला श्रीलंकेच्या पूर्वेला आग लागली. पोटात सुमारे 2 लाख 70 हजार टन कच्चे तेल होते. ती आग दोन्ही देशांच्या जहाजांनी मिळून विझवली. शेजाऱ्याकडे जहाजच नसते तर?

तामिळनाडूतून येणारा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे: हीच जहाजे उद्या आमच्या मच्छीमारांना पकडतील. पण त्या वादाचे मूळ 1974 आणि 1976 च्या सीमाकरारांत आणि तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरांत आहे. आपण हात आखडता घेतला म्हणून तो मिटणार नाही. श्रीलंकेला 2019 मध्ये चीनने जुनी फ्रिगेट दिली, अमेरिकेने आपल्या तटरक्षक दलाची निवृत्त जहाजे दिली. रिकामी जागा कुणीतरी भरतोच. उपकाराची परतफेड मिळेल, ही आशाही सोडावी. मालदीवला आपण 2006 मध्ये ‘हुरावी’ ही नौका दिली, 2023 मध्ये तिच्या जागी दुसरी दिली, आणि त्याच वर्षी भारतीय सैनिक परत पाठवण्याच्या घोषणेवर तिथे निवडणूक जिंकली गेली. गस्त चालू राहावी, एवढाच हेतू पुरेसा आहे.

माझी खरी तक्रार देण्याच्या पद्धतीवर आहे. धर्माच्या गाईचे दात घेणाऱ्याने मोजू नयेत हे ठीक, पण देणाऱ्याने मोजलेच पाहिजेत. जुन्या इंजिनाचा एक पंप बसला आणि त्याचा भाग बाजारात मिळेनासा झाला, की अख्खे जहाज धक्क्याला बांधून पडते. ‘सुरक्षा’साठी आपल्याला 2022 मध्ये सुटे भाग धाडावे लागले, जून 2024 मध्ये पुन्हा सुमारे 12 लाख डॉलरचे. ते धाडले हे उत्तम झाले, पण दर वेळी नवी भेट म्हणून का? हस्तांतराच्या दिवशीच किमान दहा वर्षांच्या सुट्या भागांचा, गोदीतल्या दुरुस्तीचा आणि खलाशांच्या प्रशिक्षणाचा करार व्हावा, आणि त्याचा खर्च अर्थसंकल्पात वेगळ्या ओळीत दिसावा. मग वाशिमच्या करदात्यालाही नेमके कळेल, की आपण काय दिले आणि अजून किती वर्षे देत राहणार आहोत.