बर्फाचे जहाज आणि नरसीची मातीची भिंत

१/ बर्फाच्या जहाजाचा विषय निघाला की ‘चर्चिलची लहर’ म्हणून हसण्यावारी नेले जाते. त्याला उत्तर म्हणून ‘हे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते’ असा दावा होतो. दोन्ही कथा सोप्या आहेत आणि दोन्ही खोट्या.

२/ १९४२. अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या मित्रराष्ट्रांची जहाजे बुडवत होत्या आणि पोलाद अपुरे होते. ब्रिटनच्या जेफ्री पाइक यांनी सुमारे ६०० मीटर लांबीची बर्फाची विमानवाहू नौका सुचवली. योजनेचे नाव ‘हबाक्कुक’.

३/ नुसता बर्फ ठिसूळ. तडा गेला की आरपार जातो. अमेरिकेत हर्मन मार्क यांच्या प्रयोगशाळेत पाण्यात लाकडाचा लगदा मिसळून ते गोठवण्यात आले. तंतूंनी तडा रोखला. सुमारे १४ टक्के लगदा असलेल्या या मिश्रणाला पाइक यांच्यावरून ‘पायक्रीट’ नाव पडले.

४/ मॅक्स पेरुत्झ यांनी लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजाराखालील शीतगृहात त्याच्या चाचण्या घेतल्या. उणे १५ अंशांच्या आसपास थंड न ठेवल्यास पायक्रीट स्वतःच्या भाराने हळूहळू खचते, हे सिद्ध झाले. शीतयंत्रणेचा खर्च वाढला, लांब पल्ल्याची विमाने आली, योजना थांबली. ज्या कल्पनेची मर्यादा मोजून ठरवली गेली, तिला लहर कसे म्हणावे?

५/ आता दुसरी कथा. संत नामदेवांचे जन्मगाव मानल्या जाणाऱ्या, कयाधूकाठच्या नरसीत हिमवर्षाव होत नाही. पण मराठवाड्यातील मातीच्या भिंतीत भुसा, गवत कालवण्याची रीत जुनी आहे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात तर भांगेचे तंतू सापडले आहेत. ठिसूळ द्रव्याला तंतूने बांधावे, हे तत्त्व येथील हातांना माहीत होते.

६/ म्हणून ते पायक्रीट ठरत नाही. भिंतीतील भुसा वाळणाऱ्या मातीला भेगा पडू देत नाही; पायक्रीटमधील लगदा भार पेलण्यास मदत करतो आणि वितळणे मंदावतो. तत्त्व एक, प्रश्न वेगळे.

७/ खरा फरक नोंदीचा आहे. चाचण्यांचे आकडे लिहून ठेवले गेले, म्हणूनच २०१४ साली आइंडहोवनच्या विद्यार्थ्यांना फिनलंडमध्ये ३० मीटर व्यासाचा पायक्रीटचा घुमट उभारताना शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही. गवंड्याच्या हातातले प्रमाण मात्र भिंतीबरोबरच मातीला मिळते.

८/ पूर्वजांचा अभिमान असेल, तर घोषणा पुरे. कोणत्या मातीत किती भुसा, किती दिवस तुडवण, हे जुन्या गवंड्यांना विचारून लिहून काढावे. सिमेंटसाठी पाडलेली भिंत पुन्हा साक्ष देत नाही.