वाळू महसूलची, लाकूड वनखात्याचं. मग पोलिसांचं काय?

पांझरेच्या पात्रातून रात्री बिननंबरचा ट्रॅक्टर निघाला, तर खबर द्यायची कुणाला? पिंपळनेरात यावर ठरलेलं उत्तर मिळतं: वाळू तहसीलदारांची, साग-खैर वनखात्याचा, पोलिसांनी चोऱ्यामाऱ्या बघाव्यात. ऐकायला हे कायदेशीर वाटतं, पण कायदा तसं म्हणत नाही.

भारतीय वन अधिनियम, 1927 चं कलम 52 जप्तीचा आणि कलम 64 वॉरंटविना अटकेचा अधिकार वन अधिकाऱ्याच्या बरोबरीने पोलिसांनाही देतं. कलम 66 तर वनगुन्हा रोखणं हे त्यांचं कर्तव्यच ठरवतं. वाळूचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये संजय खटल्यात सांगून टाकलं: खनिज कायद्याखालच्या खटल्याला अधिकृत अधिकाऱ्याची तक्रार लागते, पण परवान्याविना सरकारी वाळू उचलणं ही चोरीसुद्धा आहे, आणि तिचा गुन्हा पोलीस स्वतः नोंदवू शकतात. म्हणजे चोऱ्यामाऱ्याच झाल्या की!

दंड आहेच ना, असं काहीजण म्हणतात. आहे, महसूल संहितेच्या कलम 48 प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत. पण सराईत माणूस तो धंद्याच्या खर्चात धरतो. एफआयआर पैसे भरून मिटत नाही. शिवाय 2015 पासून वाळू तस्कर एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्यातही आले आहेत.

आणखी एक खातं म्हणजे आणखी एक हप्ता, हा आक्षेप मात्र जड आहे. तो खोटा म्हणवत नाही. पण हप्ता पिकतो तो तोंडी कारभारात. तंबी देऊन सोडलेल्या ट्रॅक्टरचा कागदच नसतो. एफआयआरची प्रत फिर्यादीच्या हाती मोफत पडते.

बारीपाडा गावाने पोलिसांविना जंगल राखलंच की! राखलं, आणि त्या कामासाठी चैत्राम पवारांना 2025 ची पद्मश्री सार्थच मिळाली. पण गावाचा वचक कुऱ्हाडवाल्यावर चालतो. गुजरातकडे निघालेला ट्रक अडवायला नाकाबंदीच लागते, आणि ती गावाला करता येत नाही.

प्रदूषणाचं वेगळं. पर्यावरण अधिनियमाखाली कलम 19 मुळे पोलिसांचे हात बांधलेले आहेत. त्याचा दोष त्यांना देऊ नये.

वाळूत ती सबब नाही. तिथे तपास चालकापाशी थांबतो, आणि चालक बहुधा मजुरीवरचा. ट्रॉली कुणाच्या बांधकामावर रिकामी होणार होती, हे त्याला पहिल्याच रात्री विचारावं. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम 317 आहे.