विश्लेषण : बरोबरीचा डाव खेळत राहणे अखिलाडूपणाचे आहे का?

बुद्धिबळाचे सामने हल्ली अनेक जण पटापेक्षा पटाशेजारची पट्टी पाहून बघतात. संगणकाने '०.००' दाखवले, की 'डाव बरोबरीत आहे, मग उगाच कशाला ताणतोय?' अशा प्रतिक्रिया समाजमाध्यमांवर सुरू होतात. पण समोरच्याने बरोबरी मान्य न करता खेळत राहणे हा खरोखरच खिलाडूवृत्तीचा भंग आहे का? नियम काय सांगतात?

गुकेशच्या जगज्जेतेपदाशी याचा संबंध काय?

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. जागतिक अजिंक्यपद लढतीत डी. गुकेश आणि चीनचा डिंग लिरेन यांचे प्रत्येकी साडेसहा गुण होते. चौदावा, म्हणजे शेवटचा डाव बरोबरीत सुटला असता, तर निर्णय टायब्रेकरवर गेला असता. पटावर दोघांकडे एकेक हत्ती आणि एकेक उंट उरला होता. गुकेशकडे दोन प्यादी, डिंगकडे एक. अचूक बचाव केला तर ही स्थिती बरोबरीचीच होती. तरीही गुकेश खेळत राहिला.

५५व्या चालीला डिंगने हत्ती चुकीच्या घरात नेला. हत्तींची अदलाबदल झाली. डिंगचा उंट कोपऱ्यात असल्याने गुकेशने उंटांची अदलाबदलही भाग पाडली. उरलेल्या राजा-प्याद्यांच्या खेळात गुकेशचे जादा प्यादे निर्णायक होते. डिंगने डाव सोडला आणि १८ वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. डिंगच्या चुकीवरून वादही झाला. रशियन बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष आंद्रेई फिलाटोव्ह यांनी चौकशीची मागणी केली. चुका हा खेळाचाच भाग आहे, अशी भूमिका 'फिडे'चे अध्यक्ष अर्काडी द्वोरकोविच यांनी घेतली.

असे आधीही घडले आहे का?

डिसेंबर २०२१ मध्ये दुबईत मॅग्नस कार्लसन आणि इयान नेपोम्नियाची यांच्यात पहिले पाच डाव बरोबरीत सुटले. सहावा डाव १३६ चालींपर्यंत, सुमारे पावणेआठ तास चालला. अजिंक्यपद लढतींच्या इतिहासातील हा सर्वांत लांबलेला डाव. शेवटी कार्लसनकडे हत्ती, घोडा आणि दोन प्यादी होती, तर समोर एकटा वजीर. राजांसह सातच मोहरी उरली, की संगणकाकडे अचूक उत्तर तयार असते. ते उत्तर 'बरोबरी' असेच होते. १३०व्या चालीला नेपोम्नियाची चुकला आणि हरला.

संगणकाची 'बरोबरी' म्हणजे नेमके काय?

दोन्ही बाजूंनी एकही चूक झाली नाही, तर कोणी जिंकणार नाही, एवढाच तिचा अर्थ. थकलेल्या माणसाला तासन् तास खेळल्यावर नेमकी तीच चाल सापडेल, याची हमी ती देत नाही. बचाव करता येणे हेही कौशल्यच आहे आणि ते पटावर सिद्ध करावे लागते.

नियम काय सांगतात?

बरोबरी हा दोन्ही खेळाडूंच्या संमतीचा करार आहे. प्रस्ताव नाकारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. २०२४च्या अजिंक्यपद लढतीत तर ४० चालींपूर्वी बरोबरीला सहमती देण्याचीच मुभा नव्हती. मात्र डाव अनंतकाळ ताणता येत नाही. एकच स्थिती तिसऱ्यांदा आली, किंवा ५० चालींत ना प्यादे हलले ना मोहरे मारले गेले, तर खेळाडू बरोबरीचा दावा करू शकतो. कोणी दावा केला नाही, तरी पाचव्यांदा तीच स्थिती आल्यावर किंवा अशा ७५ चालींनंतर डाव संपतो. उलट, सारखे बरोबरीचे प्रस्ताव देऊन समोरच्याला त्रास देणे हाच नियमभंग ठरतो.

मग रेषा कुठे ओढायची?

खरा प्रश्न घड्याळाचा आहे. प्रत्येक चालीमागे वेळ वाढवून मिळत असेल, तर बचाव करणाऱ्याला हात हलवण्यापुरती तरी उसंत असते. सिंगापूरमध्ये ४१व्या चालीपासून प्रत्येक चालीला ३० सेकंद मिळत होते. त्यामुळे गुकेशला डिंगच्या चुकीचीच गरज होती, नुसते घड्याळ पुरले नसते.

वाढीव वेळ नसेल, तर चित्र बदलते. जिंकण्याचा कोणताही प्रयत्न न करता हत्ती इकडून तिकडे फिरवत राहायचे आणि समोरच्याचा वेळ संपण्याची वाट पाहायची, हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. यासाठी 'फिडे'च्या नियमांत स्वतंत्र मार्गदर्शक सूचना आहेत. स्पर्धेने त्या आधी जाहीर केल्या असतील, तर क्लासिकल आणि रॅपिड डावांत दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलेला खेळाडू पंचांना बोलावून बरोबरी मागू शकतो. समोरचा जिंकण्याचा प्रयत्नच करत नाही, किंवा सामान्य मार्गाने जिंकूच शकत नाही, हे पंचांना पटले, तर डाव बरोबरीत सुटतो. दावा फेटाळला, तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जादा मिळतात.

मोबाइलवरच्या झटपट डावांत असा पंच नसतो. तिथे वेळ हेही एक मोहरेच असते आणि ते दोघांनी आधीच मान्य केलेले असते. म्हणून 'बरोबरी का घेतली नाही?' यापेक्षा 'तो समोरच्यापुढे काही प्रश्न उभे करत होता का?' हे विचारणे अधिक योग्य. त्याचे उत्तर '०.००' या आकड्यात सापडत नाही, त्यासाठी पटाकडेच पाहावे लागते.